'गाडी लागली' कळतं, तर 'नॉक अप'ही कळेल: जुन्या इंग्रजी कथा-कादंबऱ्यांतली क्रियापदं कशी वाचावीत

ठाणे स्टेशनात वाशीच्या गाडीची वाट बघत असताना जिन्यावरून कुणीतरी ओरडतं, "लागली, लागली!" आणि सगळा पूल धावत सुटतो. गाडी प्लॅटफॉर्मला लागली, हे कुणी कुणाला समजावून सांगत नाही. आमच्या नौपाड्यातल्या बिल्डिंगमध्ये एक मल्याळी कुटुंब राहायला आलं आहे. त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी मोठ्या जिद्दीनं मराठी शिकते. माळशेजची सहल करून आली आणि मला म्हणाली, "काकू, स्टेशनात गाडी लागली की सगळे खूश होतात. मग घाटात माझ्या मैत्रिणीला गाडी लागली, तर तिला उलट्या का झाल्या?"

मी कागद घेऊन बसले. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वेड लागतं, दार लागतं, दूध भांड्याला लागतं, रस्त्यात देऊळ लागतं. पानाच्या दोन्ही बाजू भरल्या. यातल्या एकाही ठिकाणी मी आयुष्यात कधी अडले नव्हते. शेजारी कुठला शब्द आहे आणि प्रसंग कुठला चालू आहे, हे कान आधी बघतो आणि अर्थ मागाहून आपोआप येतो. त्या मुलीला हे सांगता सांगता माझं एक जुनं कोडं सुटलं. इंग्रजी पुस्तकं वाचताना मी इतकी वर्षं याच्या बरोबर उलट करत होते. शब्द सुटे करायचे, एकेकाचा अर्थ कोशात बघायचा आणि मग ते अर्थ जोडायला जायचं.

मी मराठी माध्यमातली. वाचनाची गोडी लागली ती ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयामुळे. १८९३ साली सुरू झालेली ही संस्था आमच्या घरात तीन पिढ्यांनी वापरली. इंग्रजी कादंबऱ्यांकडे वळले ती नोकरी लागल्यावर, लोकलमधल्या रोजच्या वेळात. लांबलचक लॅटिन वळणाचे शब्द मला फारसे छळत नव्हते, ते कोशात सरळ सापडायचे. छळायचे ते पुट, टेक, मेक, फॉल, सेट, डू, आणि त्यांच्यामागे येणारे अप, आऊट, टू, बाय, फॉर. दोन्ही शब्द पाचवीतल्या मुलाला येणारे, आणि एकत्र आले की वाक्याचा अर्थच हरवायचा.

व्याकरणात या जोडीला फ्रेझल व्हर्ब म्हणतात. हे नाव छापील पुस्तकात आलं ते १९२५ साली, लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या लेखनातून. अडचण मात्र त्याहून फार जुनी आहे. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ सालच्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलं आहे, की क्रियापदामागे छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही जी रीत आहे, तिथे परक्या माणसाला सर्वांत जास्त त्रास होतो. म्हणून इथे अडखळलात तर आपलं शिक्षण कमी पडलं असं मनात आणू नका.

रविवारी सकाळी तलावपाळीजवळ आम्ही पाच-सहा जण जुनं इंग्रजी साहित्य वाचायला जमतो. नवीन येणाऱ्याला मी जे सांगते, ते इथे त्याच क्रमानं लिहिते आहे.

आधी जोडी ओळखा

पानावर क्रियापद आणि छोटा शब्द शेजारी दिसले म्हणजे ती जोडीच असेल असं नाही. 'ही रॅन अप द हिल' म्हणजे तो टेकडीवर धावत गेला. इथे 'अप' टेकडीशी बांधलेला आहे. 'ही रॅन अप अ बिल' म्हणजे त्यानं उधारी वाढवून ठेवली. इथे 'अप' धावण्याशी बांधलेला आहे, आणि धावणं तर मुळात उरलेलंच नाही. ओळखायची सोपी युक्ती अशी, की नामाच्या जागी 'इट' घालून बघायचं. बिलाच्या बाबतीत 'रॅन इट अप' म्हणता येतं, टेकडीच्या बाबतीत 'रॅन अप इट'च म्हणावं लागतं. छोटा शब्द 'इट'च्या पलीकडे गेला की जोडी पक्की समजा. ('लुक आफ्टर'सारख्या काही जोड्या या परीक्षेत सापडत नाहीत. तिथे प्रसंगावरच जायचं.)

जुन्या गद्यात या जोडीतले दोघे एकमेकांपासून बरेच लांब जाऊन बसतात. मध्ये माणूस येतो, पत्र येतं, कधी एक अख्खं उपवाक्य येतं. वाक्याच्या शेवटी एकटा 'अप' किंवा 'ऑफ' लोंबकळताना दिसला की मागे जाऊन त्याचं क्रियापद शोधा. उलटही होतं. छोटा शब्द वाक्याच्या तोंडाशी येतो: 'आऊट वेंट द कँडल.' हा क्रम लेखक घाई दाखवायला वापरतो. आपण 'पाऊस आला' म्हणतो, पण वाळत घातलेले कपडे गच्चीवर असले की तोंडातून 'आला पाऊस!' निघतं, तेच हे.

शेपूट आधी वाचा

जोडीतल्या छोट्या शब्दाला आमच्या गटात 'शेपूट' म्हणतात. नवीन वाचक क्रियापदाला धरून बसतो, कारण ते मोठं दिसतं. खरं वजन बहुतेक वेळा शेपटात असतं. शाळेत संस्कृत घेतलं असेल त्यांना हा श्लोक आठवेल: 'उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते । प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥' उपसर्ग धातूच्या अर्थाला जबरदस्तीनं दुसरीकडे ओढून नेतो. हृ हा धातू एकच, पण आहार ताटात आणि प्रहार पाठीत. इंग्रजीत हीच ओढाताण शब्दाच्या पुढून न होता मागून होते, एवढाच फरक.

मराठीत तर आपण हे काम रोज करतो. 'खाऊन टाक' म्हणताना कुणी काही टाकत नाही. 'वाचून काढलं' म्हणताना कशातून काही काढत नाही. 'बोलून गेला' तो माणूस खुर्चीतून हललेलाही नसतो. टाकणे, काढणे, जाणे, बसणे, ठेवणे ही क्रियापदं दुसऱ्या क्रियापदामागे लागली की आपला मूळ अर्थ सोडतात आणि काम पुरं झालं, नकळत झालं, रेंगाळत झालं, असा रंग चढवतात. इंग्रजी शेपटांचा धंदा हाच. म्हणून मी नव्या माणसाला सांगते, की शेपटाला मराठीतलं दुसरं क्रियापद शोधा.

'अप' पुष्कळदा आपल्या 'टाकणे'सारखा वागतो: ईट अप, खाऊन टाकणे, टेअर अप, फाडून टाकणे. 'आऊट'मध्ये 'काढणे' आहे: फाइंड आऊट, शोधून काढणे. 'ऑन' म्हणजे 'राहणे', रीड ऑन, वाचत राहा. 'अवे'मध्ये 'बसणे' असतं, तास न् तास चॅटर अवे करणारी दोन माणसं म्हणजे गप्पा मारत बसलेली माणसं. 'बाय'मध्ये 'ठेवणे' आहे. जुन्या कादंबरीतली म्हातारी आयुष्यभर थोडे थोडे पैसे 'पुट बाय' करते, म्हणजे बाजूला टाकून ठेवते. इथे मराठीनं टाकणे आणि ठेवणे दोन्ही लावले आहेत, आणि तरी आपल्याला ते जड जात नाही.

हे कोष्टक पाठ करू नका. 'गिव्ह ओव्हर' म्हणजे थांबणे, सोडून देणे, आणि तिथे 'ओव्हर'ला कुठलंही कोष्टक लागू होत नाही. जॉन्सननीही ही जोडी मुद्दाम उदाहरण म्हणून दिली आहे. कोष्टकाचा उपयोग अंदाजाची दिशा ठरवण्यापुरता.

'टू' हे सगळ्यात फसवं शेपूट

याच्यावर थोडा जास्त वेळ घालवा, कारण आजच्या इंग्रजीत ते जवळजवळ दिसत नाही आणि जुन्या पुस्तकांत पदोपदी येतं. वाक्य असं असतं: 'शी पुल्ड द डोअर टू.' आणि तिथेच पूर्णविराम. आमच्या गटात नव्यानं आलेल्या एका तरुणानं हे वाचून पान उलटवलं, पुढच्या पानावर 'टू'नंतरचा शब्द शोधला आणि म्हणाला, "काकू, इथे छपाईत काहीतरी गळलंय. दार कुठपर्यंत ओढलं ते दिलेलंच नाही."

काही गळलेलं नव्हतं. दुपारी घरात कुणी झोपलेलं असलं की आई काय सांगायची ते आठवा: "दार नुसतं लोटून घे, कडी नको लावू." पुल द डोअर टू म्हणजे दार लोटून घेणं. चौकटीला टेकलेलं, कधी पूर्ण बंद झालेलं, तर कधी थोडी फट राहिलेलं. गोष्टीत हा फरक महत्त्वाचा असतो. लोटलेल्या दारातून पलीकडचं बोलणं ऐकू येतं, वाऱ्यानं फट पडते, कुणीतरी आवाज न करता आत येऊ शकतं. लेखकानं 'शट' न लिहिता 'टू' लिहिलं असेल, तर पुढच्या दोन पानांत त्या दाराचं काहीतरी होऊ शकतं, हे मनात धरून वाचा.

हेच 'टू' आणखी कुठे भेटतं? जेवणाच्या टेबलावर माणसं 'फॉल टू' करतात, म्हणजे खायला लागतात, ताटावर तुटून पडतात. कामाच्या बाबतीतही हीच जोडी येते, तेव्हा ती कामाला लागतात. प्रवासाला निघताना 'द हॉर्सेस वेअर पुट टू' म्हणजे घोडे गाडीला जुंपले. समुद्रावरच्या गोष्टींत जहाज 'हीव्ह टू' करतं, म्हणजे वाऱ्याशी जुळवून घेऊन पाण्यावर जागच्या जागी थांबतं. याचं भूतकाळी रूप 'होव्ह टू' असं होतं आणि ते कोशात 'होव्ह' म्हणून शोधत बसलो तर वेळ जातो.

आता हे मराठीत एका ओळीत ठेवून बघा. दार चौकटीला लागलं, माणसं जेवायला लागली, कामाला लागली, घोडे गाडीला लागले. एक वस्तू दुसरीला जाऊन भिडली की आपण 'लागणे' म्हणतो, जुनं इंग्रजी 'टू' म्हणतं. बेशुद्ध पडलेली बाई 'केम टू' म्हणजे शुद्धीवर आली, तिथे मात्र 'लागणे' जमत नाही, ते वेगळं लक्षात ठेवावं लागतं. पण बाकीच्यांचं कुलूप त्या मल्याळी मुलीच्या प्रश्नानं उघडलं.

अप आणि डाऊन ठाणेकरांना शिकवावं लागत नाही

जुन्या कादंबऱ्यांत माणसं 'गो अप टू टाऊन' करतात. टाऊन म्हणजे लंडन, आणि मग ती नकाशात कुठूनही निघालेली असोत. विद्यार्थी ऑक्सफर्डला किंवा केंब्रिजला 'अप' जातात आणि सुटीत 'डाऊन' येतात. एखादा पोरगा 'सेंट डाऊन' झाला असं वाचलं तर तो सुटीवर आलेला नाही, त्याला विद्यापीठातून काढून टाकलेलं आहे. कथेत ही नामुष्की असते, बाप बोलेनासा होतो, लग्न मोडतं. वाचकाला जर वाटलं की मुलगा घरी आला, तर पुढचं सगळं भांडण त्याला कळत नाही.

आमच्या गटात एक निवृत्त मोटरमन काका आहेत. त्यांनी हे एका वाक्यात सोडवलं. "सीएसएमटीकडे जाते ती अप, कल्याणकडे जाते ती डाऊन. कसाऱ्याचा घाट चढणारी गाडीसुद्धा डाऊनच." म्हणजे अप-डाऊनचा चढ-उताराशी संबंध नाही, मोठं ठिकाण कुठलं त्याच्याशी आहे. ही रीत रेल्वेनं विलायतेतून आणली. तिथेही साधारणपणे लंडनकडे जाणारी गाडी अप. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली, तेव्हापासून या गावाच्या कानावर हे शब्द आहेत. ते कादंबरीत दिसले की परके समजू नका.

पुस्तकाचं साल बघितल्याशिवाय अर्थ लावू नका

ही पायरी मी आधी गाळत असे आणि त्याची किंमत मोजली आहे. शेरलॉक होम्सच्या 'स्पेकल्ड बँड' या १८९२ साली प्रसिद्ध झालेल्या कथेत सकाळी वॉटसनला जाग येते तर पलंगाशेजारी होम्स पूर्ण कपडे करून उभा, घड्याळात सव्वासात. होम्स माफी मागतो, की मी तुला 'नॉक अप' केलं. मी फोनवर अर्थ बघितला. अमेरिकन बोलीतला, बाईला दिवस जाण्याविषयीचा अर्थ समोर आला आणि मी कथाच बाजूला ठेवली. कितीतरी दिवसांनी कळलं, की त्या काळच्या इंग्लंडात नॉक अप म्हणजे दार ठोठावून झोपेतून उठवणे. गिरणगावांत पहाटे लांब काठीनं कामगारांच्या खिडक्या वाजवून त्यांना उठवणं हा चक्क पोटापाण्याचा उद्योग होता, आणि ते करणाऱ्याला नॉकर-अप म्हणत. आपण 'उठवून बसवलं' म्हणतो तसंच हे. त्याच शतकातल्या दुसऱ्या पुस्तकात 'आय ॲम नॉक्ड अप' म्हणजे मी थकून गेले, असंही सापडेल. अर्थ तीन, आणि कुठला घ्यायचा ते साल, देश आणि प्रसंग मिळून ठरवतात.

अशी आणखी काही ठिकाणं सांगून ठेवते. 'ब्लो अप' आज स्फोटाचा शब्द आहे, एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीत मालक नोकराला ब्लो अप करतो म्हणजे फैलावर घेतो. 'टेक इन' म्हणजे फसवणे, आसरा देणे, आणि वर्तमानपत्राच्या बाबतीत 'घरी लावणे'. पेपर आपणही 'लावतो'च. 'डोन्ट टेक ऑन सो' असं एक बाई दुसरीला म्हणते तेव्हा ती 'इतकं जिवाला लावून घेऊ नकोस' म्हणत असते. 'वॉक आऊट विथ' म्हणजे कामकरी वर्गातल्या तरुण-तरुणीचं एकत्र फिरणं, लग्नाच्या विचारानं. सभात्यागाशी त्याचा काही संबंध नाही.

जेन ऑस्टेनच्या १८१४ सालच्या 'मॅन्सफिल्ड पार्क'मध्ये एक पात्र नायिकेबद्दल विचारतं, की ती 'आऊट' आहे की नाही. मुलगी 'कम आऊट' झाली म्हणजे तिला चारचौघांत, नाचाच्या समारंभांना न्यायला सुरुवात झाली, तिच्याकडे आता लग्नाच्या दृष्टीनं बघायला हरकत नाही. आपल्या घरांत 'तिच्यासाठी बघायला लागलेत' असं म्हणतात, त्याच्या अगदी शेजारचा अर्थ. आज कम आऊट म्हणजे आपली लैंगिक ओळख उघडपणे सांगणं. दोन अर्थांत दोनशे वर्षांचं अंतर आहे आणि शब्द अक्षरशः तेच.

'डू फॉर' मला सगळ्यात आवडतं, कारण तिथे मराठी इंग्रजीहून स्पष्ट बोलते. एकट्या राहणाऱ्या गृहस्थाबद्दल लिहिलेलं असतं, की अमुक बाई 'डझ फॉर हिम'. याला आधुनिक इंग्रजीत सरळ प्रतिशब्द चटकन मिळत नाही. मराठीत विचारून बघा: "आजोबांचं आता कोण करतं?" "धाकटी सून करते सगळं." काय करते ते सांगावं लागत नाही. जेवण, औषध, कपडे, अंथरूण, सगळं त्या 'करते'मध्ये आलं. तेच डू फॉर. आणि त्याच जोडीनं खलनायक धमकी देतो, 'आय विल डू फॉर यू', म्हणजे तुला संपवीन. बोलणारा कोण, घर कुठलं, हातात काय आहे, हे बघून ठरवायचं.

कोश कधी आणि कसा उघडायचा

शेवटी उघडायचा, पण उघडायचा जरूर. आधी आपला मराठी अंदाज पेन्सिलीनं समासात लिहा. मग त्याच पुस्तकात ती जोडी आणखी कुठे आली आहे ते शोधा. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर जुनी पुस्तकं फुकट मिळतात आणि त्यांत शोध घेता येतो. एकाच लेखकाची तीन वाक्यं समोर ठेवली की अंदाज बहुधा पक्का होतो, नाहीतर मोडतो. दोन्ही चांगलंच.

ई-बुकवर बोट ठेवलं की एकाच शब्दाचा अर्थ येतो, आणि 'नॉक'चा अर्थ कळून उपयोग नाही. दोन्ही शब्द एकत्र निवडा. मध्ये माणूस बसला असेल तर जोडी स्वतः टाइप करा. मोठ्या कोशात अशा जोड्या मूळ क्रियापदाच्या नोंदीत, बहुतेक तळाशी असतात, म्हणून नोंद शेवटपर्यंत वाचा. अर्थापुढे जुना, कालबाह्य, ब्रिटिश, बोलीतला अशा खुणा असतात, त्या वगळू नका. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात प्रत्येक अर्थाला सालासकट उतारे आहेत. आपल्या पुस्तकाच्या सालाजवळचा उतारा ज्या अर्थाखाली आहे, तो आधी तपासा. विकत घ्यायचा असेल तर कॉलिन्स कोबिल्डचा १९८९ साली आलेला फ्रेझल व्हर्ब कोश नवख्याला चांगला, त्यात मागे शेपटांची वेगळी सूची आहे. त्यात अर्थ आजचे आहेत, एवढं ध्यानात असू द्या.

आणखी एक कोश, जो या कामासाठी कुणाच्या डोक्यात येत नाही: मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ सालची, आणि शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो फुकट बघता येतो. त्यात मराठी क्रियापदांचे अर्थ ज्या इंग्रजीत दिलेत, ते इंग्रजी त्या कादंबऱ्यांच्याच काळातलं आहे. तुम्हाला 'जुंपणे', 'लोटणे', 'आटोपणे' असा अंदाज आला असेल तर तो शब्द तिथे काढा. ज्या जोडीपासून निघालात ती किंवा तिची सख्खी बहीण तिथे भेटण्याची शक्यता चांगली असते.

एक उतारा सोडवून बघा

हा मी गटासाठी बेतला आहे. अवघड जोड्या तशाच ठेवल्या आहेत.

वादळी संध्याकाळी एक प्रवासी वाटेवरच्या सरायीत 'पुट अप' करतो. टेबलावर मटण आणि पाव येतो, तसा तो 'फॉल्स टू'. मालक बोलता बोलता सांगतो, की टेकडीवरच्या वाड्यातले म्हातारे साहेब एकटेच असतात, गावातली एक विधवा 'डझ फॉर' त्यांना. ऐकून प्रवासी 'पुट आऊट' झालेला दिसतो. दहाला तो 'टर्न्स इन'. पहाटे पाचला त्याला 'नॉक अप' करतात. तो बिल 'कास्ट अप' करून बघतो, आणि सहाला घोडे 'पुट टू' होतात.

आता एकेक. पुट अप म्हणजे मुक्काम केला, उतरला. फॉल्स टू म्हणजे खायला लागला. डझ फॉर, त्यांचं सगळं करते. टर्न्स इन म्हणजे झोपायला गेला, आजच्यासारखं काही जमा करायला नाही. कास्ट अप म्हणजे बेरीज करून बघितली. घोडे जुंपले. या सगळ्यांत गोष्ट लपली आहे ती 'पुट आऊट'मध्ये. तो चिडला, अस्वस्थ झाला, त्याचा विरस झाला. म्हणजे वाड्यात विधवा असेल हे त्याला अपेक्षित नव्हतं. तो तिथेच निघाला आहे. एका जोडीचा अर्थ लागला आणि पुढच्या प्रकरणाची वाट दिसली. यासाठीच ही खटपट करायची.

वही शेपटांच्या नावानं घाला

क्रियापदांची यादी करू नका. 'पुट'खाली पन्नास अर्थ लिहिले की एकही राहत नाही. अपला एक पान, आऊटला एक, टूला एक, बायला एक. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी: पूर्ण वाक्य, पुस्तकाचं साल, बोलणारं पात्र, आणि मराठी क्रियापद. मराठीतही क्रियापदच लिहायचं, स्पष्टीकरण नाही. 'मनाची दुःखी अवस्था' लिहिलं तर पुन्हा वाचताना काही हाती लागत नाही. 'काळीज चिरलं' लिहिलं, तर 'कट अप' हे दुःखाच्या अर्थानं पुढच्या वेळी आपोआप ओळखू येतं.

कुठे कुठे ही सवय तुम्हाला अर्थाच्याही पुढे नेते. शेक्सपिअरचा 'ऑथेल्लो', जो देवलांनी 'झुंझारराव' म्हणून मराठी रंगभूमीवर आणला, तो गटात वाचायला घेतला तेव्हा पहिल्याच अंकात आम्ही ठेचकाळलो. दोन्ही बाजूंची माणसं शस्त्रं उपसून उभी, आणि ऑथेल्लो म्हणतो, 'कीप अप' तुमच्या तलवारी. आजच्या अर्थानं ते 'चालू द्या' होतं. त्याला म्हणायचंय बरोबर उलट: म्यान करा. 'अप'च्या पानावर आम्ही ते लाल शाईनं लिहिलं.

मग शेवटचा अंक आला. रात्र आहे, डेस्डेमोना झोपली आहे, ऑथेल्लो दिवा घेऊन आत येतो आणि म्हणतो, 'पुट आऊट द लाइट, अँड देन पुट आऊट द लाइट.' तेच शब्द दोनदा, क्रमही तोच. पहिल्यांदा हातातला दिवा, दुसऱ्यांदा तिचा जीव. कोशात दोन वेगळ्या अर्थांखाली जाऊन हे मिळणार नाही, कारण शब्दानं अर्थ बदललेलाच नाही. मोटरमन काकांनी दोन्ही जागी लिहायला दोन मराठी क्रियापदं शोधून पाहिली. विझवणे आणि संपवणे. फुंकणे आणि मारणे. मग कोपऱ्यात बसलेल्या त्या मल्याळी मुलीनं, जी त्या दिवशी नुसती ऐकायला आली होती, विचारलं, "काकू, पेपरात येतं ना, प्राणज्योत मालवली? आणि तुम्ही रात्री दिवा पण मालवता ना?"

आमच्या वहीत 'आऊट'च्या पानावर त्या ओळीपुढे एकच शब्द आहे, तिच्या अक्षरात: मालवणे.